बंदरे, गुरे आणि तटस्थता : आयर्लंडच्या अलिप्ततेचा आर्थिक पाया

लहान राष्ट्राच्या तटस्थतेचे मोजमाप सामान्यतः त्याच्या सैन्यबळावरून व संरक्षणखर्चावरून केले जाते. स्वित्झर्लंड व स्वीडन यांच्या इतिहासामुळे सशस्त्र तटस्थता हीच काय ती खरी तटस्थता होय, असा समज रूढ झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात आयर्लंडने पाळलेली तटस्थता या समजात बसत नाही. ती शस्त्रबळाने मिळालेली नव्हती. व्यापारविषयक वाटाघाटींत ती शक्य झाली, आणि तिची किंमतही मुख्यतः व्यापाराच्याच रूपाने वसूल झाली.

६ डिसेंबर १९२१ च्या तहाने आयरिश स्वतंत्र राज्याची स्थापना मान्य झाली. परंतु सागरी किनाऱ्याचे संरक्षण ब्रिटनकडेच राहिले. कोव्ह, बेअरहेवन व लॉख स्विली येथे ब्रिटिश ठाणी कायम राहिली. शिवाय युद्धप्रसंगी ब्रिटनला लागतील त्या सोयी पुरविण्याचे बंधनही या राज्यावर होते. ज्या देशाच्या बंदरांतून एका युद्धमान राष्ट्राचे आरमार वावरणार, त्याच्या तटस्थतेस दुसरे राष्ट्र मान देईल, हे संभवनीय नव्हते. यादवी युद्ध संपताना सुमारे पन्नास हजारांवर गेलेले सैन्य पुढे काही हजारांवर आणण्यात आले. रिकामी तिजोरी व १९२४ मधील लष्करी असंतोष ही त्याची उघड कारणे होत. शेजारच्या बलाढ्य आरमारामुळे सागरी संरक्षण आपोआप होत होते, हे न बोलले गेलेले तिसरे कारण.

या स्थितीला कलाटणी मिळाली ती आर्थिक कलहातून. जमीनदारांकडून जमिनी विकत घेण्यासाठी आयरिश शेतकऱ्यांना पूर्वी कर्जे देण्यात आली होती व त्यांचे वार्षिक हप्ते ब्रिटनकडे जात. १९३२ मध्ये सत्तेवर आलेल्या डी व्हॅलेरा यांनी ही रक्कम रोखून धरली. ब्रिटनने त्याच वर्षी आयरिश मालावर प्रथम शेकडा २० जकात बसविली. आयर्लंडनेही उलट जकाती लादल्या. मात्र हा सामना समबलांचा नव्हता. आयर्लंडच्या निर्यातीपैकी सुमारे नऊदशांश ब्रिटनला जाई आणि तीत गुरांना प्रमुख स्थान होते. बाजार हातचा गेल्याने गुरांच्या किमती कोसळल्या व वासरे मारून कातडी विकण्यास सरकारी उत्तेजन देण्याची पाळी आली. १९३५ पासून कोळशाच्या बदल्यात गुरे असा मर्यादित करार अमलात आल्यावर हा ताण काहीसा सैलावला.

२५ एप्रिल १९३८ रोजी झालेल्या करारांनी या कलहाचा शेवट केला. हप्त्यांच्या वादाचा निकाल एक कोटी पौंडांच्या एकरकमी भरण्याने लागला, परस्परांच्या मालाला सवलती मिळाल्या आणि तिन्ही बंदरे आयर्लंडला परत देण्याचे ठरले. चेंबरलेन यांना सद्भाव अधिक मोलाचा वाटला. चर्चिल यांनी मात्र पार्लमेंटात या देवघेवीवर कडाडून टीका केली. ऑक्टोबर १९३८ च्या आरंभापर्यंत तिन्ही ठाणी रिकामी झाली. कर्जाचा हिशेब, गुरांचा बाजार व आरमारी बंदरे यांचा निकाल एकाच वाटाघाटीत लागावा, यातच या तटस्थतेचे स्वरूप स्पष्ट होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये आयर्लंडने तटस्थता जाहीर केली, तेव्हा त्याचे खडे सैन्य अवघे काही हजारांचे होते. पुढे ते सुमारे चाळीस हजारांपर्यंत वाढले, पण तोफा, विमाने व दारूगोळा यांची वाण कायम राहिली. १९४१ मध्ये संरक्षण-समन्वयमंत्री फ्रँक एकेन शस्त्रांसाठी अमेरिकेस गेले. त्यांना शस्त्रे मिळाली नाहीत, जहाजे तेवढी मिळाली. ब्रिटनने बंदरांवर चाल केली नाही. मात्र १९४१ च्या आरंभापासून मालवाहू जहाजे व पुरवठा यांवर आखडता हात घेतला. चहाचा साप्ताहिक शिधा माणशी अर्ध्या औंसावर आला. कोळशाअभावी रेल्वेगाड्या रखडू लागल्या आणि दलदलीतून कापून वाळविलेल्या जळाऊ मातीवर घरे व कारखाने चालवावे लागले. सक्तीच्या लागवडीने गव्हाखालील क्षेत्र दुपटीहून अधिक झाले. स्वतःचा सागरगामी व्यापारी ताफा जवळजवळ नसल्याने १९४१ मध्ये आयरिश शिपिंग ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिची 'आयरिश पाइन' व 'आयरिश ओक' ही जहाजे बुडाली. पहिल्यावरील ३३ खलाशांपैकी एकही वाचला नाही. तटस्थतेचा हा खर्च कोणत्याही संरक्षण-अंदाजपत्रकात नोंदलेला नाही.

ही कोंडी पुरी आवळली गेली नाही, याचे कारणही परस्परावलंबनातच शोधावे लागते. ब्रिटनला आयरिश गुरे व मजूर हवे होते. शिवाय हवामानाची वृत्ते पुरविणे, उतरलेल्या दोस्त वैमानिकांना बहुधा सीमेपार जाऊ देणे, असे साहाय्य आयर्लंड गुपचूप करीत होते. ही तटस्थता तराजूच्या काट्यासारखी सरळ नव्हती. एका बाजूला झुकलेली होती, आणि त्या झुकण्यानेच ती तगली.

युद्धोत्तर काळात या दोन धोरणांची फारकत झाली. १९४९ मध्ये फाळणीचे कारण पुढे करून आयर्लंडने नाटोत जाण्याचे नाकारले. परंतु १९६५ मध्ये ब्रिटनशी मुक्त व्यापाराचा करार केला व १९७३ मध्ये ब्रिटनबरोबरच युरोपीय समुदायात प्रवेश केला. बाजारपेठ विस्तारली तशी एकाच शेजाऱ्यावरील भिस्त घटली. लष्करी खर्च मात्र तुटपुंजाच राहिला. युक्रेनवरील आक्रमणानंतर, जुलै २०२२ मध्ये, तो २०२८ पर्यंत दीड अब्ज युरोवर नेण्याचे सरकारने ठरविले.

आयर्लंडचा हा अनुभव लहान राष्ट्रांना निःशस्त्र राहण्याची शिफारस करीत नाही. भूगोलाचे जे अनुकूल्य त्याला लाभले, ते बेल्जम किंवा नॉर्वेला लाभले नाही. त्यातून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण महत्त्वाचा आहे. तटस्थता फुकट मिळत नाही. जे राष्ट्र तिचे मोल सैन्यावर खर्च करीत नाही, त्याला ते चहात, कोळशात, जहाजांत आणि खलाशांच्या प्राणांत मोजावे लागते.