आपल्या अंत्यविधीची पूर्वतयारी : काय लिहावे, कुठे ठेवावे, कोणाला सांगावे

आमच्या नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे निधन रात्री अकराच्या सुमारास घरीच झाले. सकाळी खासवाडीला नेले आणि सर्व रीतसर पार पडले. बाराव्या दिवशी पासबुके शोधताना त्यांच्या कपाटात नेत्रदानाचा भरलेला फॉर्म सापडला. तारीख नऊ वर्षांपूर्वीची, खाली त्यांची ठसठशीत सही. घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मुलाने तो कागद हातात धरून मला विचारले, "काका, आता याचे काय करायचे?" मी आयुष्यभर बँकेत कागद सांभाळण्याचेच काम केले, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या गृहस्थांनी इच्छा लिहिली होती, पण सांगितली नव्हती. ही चूक आपल्यापैकी अनेकांकडून होते, म्हणून हे टिपण. विषय काढला की घरात "अशुभ बोलू नका" असे ऐकावे लागते. पण आपल्याच शहरात सयाजीराव महाराजांनी आपल्या घराण्याच्या स्मृतीसाठी १९३६ साली, स्वतःच्या हयातीत, कीर्तिमंदिर उभारले. आपल्याला मंदिर बांधायचे नाही, एक पान लिहायचे आहे.

मृत्युपत्रात नको, वेगळ्या पानावर

पुष्कळ लोक अंत्यविधीची इच्छा मृत्युपत्रात लिहितात. मृत्युपत्र बहुधा तेराव्यानंतर उघडले जाते, तोपर्यंत अस्थिविसर्जनही झालेले असते. मृत्युपत्र मालमत्तेसाठी ठेवावे. ते साध्या कागदावर चालते, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. मात्र सही आणि दोन साक्षीदार हवेत. साक्षीदार शक्यतो ज्यांना काही मिळणार नाही असे असावेत.

अंत्यविधीचे पान वेगळे असावे. ते लॉकरमध्येही ठेवू नये. रविवारी लॉकर उघडत नाही, आणि लॉकर एकट्याच्या नावावर असेल तर क्लेम मंजूर होईपर्यंत कोणत्याच दिवशी उघडत नाही. पान घरात, सर्वांना माहीत असलेल्या जागी ठेवावे. एक प्रत मुलाकडे किंवा मुलीकडे आणि एक अशा माणसाकडे द्यावी, जो अर्ध्या तासात घरी पोहोचू शकतो. मुले पुण्याला किंवा परदेशात असतील तर हा तिसरा माणूस फार महत्त्वाचा. तो शेजारी असेल किंवा आपल्या मंडळातला स्नेही, पण त्याला आधी विचारलेले असावे.

पहिले सहा तास

नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. त्यासाठी आधी फॉर्म भरलेलाच हवा असे नाही, जवळच्या नातेवाइकांची संमती पुरते. उलट, फॉर्म भरलेला असूनही घरच्यांनी नेत्रपेढीला कळवले नाही तर काहीच होत नाही. चष्मा, मोतीबिंदूचे ऑपरेशन, मधुमेह किंवा रक्तदाब असला तरी सहसा नेत्रदान करता येते. पेढीचे लोक येईपर्यंत पंखा बंद ठेवावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. काम थोड्या वेळात होते आणि चेहरा विद्रूप होत नाही.

देहदान वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे होते. आपल्याकडे बडोदा मेडिकल कॉलेज आहे. हयातीत तिथून फॉर्म आणून भरावा आणि नियम विचारून घ्यावेत. शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्गजन्य आजार असलेला देह सहसा स्वीकारला जात नाही. म्हणून "देहदान करावे" एवढेच न लिहिता "ते न झाल्यास दहन करावे" हेही लिहावे. देह दिल्यावर अस्थी मिळत नाहीत. तेव्हा दहाव्याचे विधी करायचे की नाहीत, केले तर कसे, हे गुरुजींशी आधीच बोलून ठेवावे.

हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांचे मरणोत्तर दान घरी झालेल्या मृत्यूनंतर होत नाही. ते रुग्णालयात, मेंदूमृत्यू घोषित झाल्यावरच होऊ शकते. तिथेही घरच्यांची संमती विचारली जाते, म्हणून आपले मत त्यांना माहीत असले पाहिजे.

याच्या आधीचा एक प्रश्न असतो : बरे होण्याची आशा नसताना यंत्रांवर ठेवावे का? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशी इच्छा आधी लिहून ठेवण्याला मान्यता दिली आणि २०२३ साली तिची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती प्रमाणित करून घेता येते. हा कागद स्वतंत्र ठेवावा. तो कुठे आहे, हे मात्र आपल्या पानावर लिहावे.

पहिला दिवस

मृत्यू घरी झाला तर नेहमीच्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला (नमुना ४-अ) लागतो. रुग्णालयात झाला तर नमुना ४ तिथूनच मिळतो. ज्या घरात वर्षानुवर्षे कोणी डॉक्टर आलेलाच नाही, तिथे ऐनवेळी दाखल्यासाठी धावाधाव होते. आपले डॉक्टर कोण, हे पानावर हवे. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांना कळवावेच लागते.

शरीरात पेसमेकर असेल तर ठळक लिहावे. तो दहनात फुटू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो. अंगावरच्या दागिन्यांचे काय करायचे, हेही लिहावे. यावरून सुनांमध्ये आणि लेकींमध्ये गैरसमज झालेले मी पाहिले आहेत.

नंतरचा प्रश्न : परगावच्या मुलांची वाट पाहायची का? हा निर्णय घरच्यांवर सोडला की जो थांबा म्हणतो त्यालाही बोल लागतो आणि जो उरका म्हणतो त्यालाही. आपणच लिहावे : "बारा तासांपेक्षा जास्त थांबू नये", किंवा "धाकटी येईपर्यंत शीतपेटीत ठेवावे". एका ओळीने मुलांच्या डोक्यावरचे ओझे उतरते.

लाकडाची चिता हवी की गॅसदाहिनी, तेही लिहावे. चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. वखारीत हिशेब मणात होतो आणि इथला मण २० किलोचा, म्हणजे १५ ते २० मण. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे ४० किलोचा मण धरून घोटाळा करतात. तिरडीला इथे ननामी म्हणतात, हेही नव्या पिढीच्या जावयाला माहीत असलेले बरे.

अग्नी कोणी द्यायचा, हे नाव घालून लिहावे. मुलीने किंवा पत्नीने अग्नी देण्यास कायद्याची आडकाठी नाही. आपली इच्छा तशी असेल तर ती आपल्याच अक्षरात असावी, म्हणजे स्मशानात कोणी वाद घालणार नाही.

दहावा, तेरावा आणि लोकाचार

आपल्या मंडळात सर्व जातीपातींची कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाची रीत वेगळी. कोणाकडे मंत्राग्नी आणि दहाव्याला पिंडदान, कोणाकडे भजन, लिंगायत घरांत दफन. "आपल्या पद्धतीप्रमाणे करावे" असे लिहून भागत नाही. बडोद्यात वाढलेल्या नातवाला ती पद्धत ठाऊक नसते आणि पत्नीचे माहेर व सासर यांच्या पद्धतीत फरक असतो. गोत्र, शाखा, कुलदैवत आणि नेहमीचे गुरुजी लिहावेत. विधी नको असतील तर "काहीही करू नये" एवढे न लिहिता, त्या खर्चाचे काय करावे तेही लिहावे. माणसांना काहीतरी करायचे असते. शाळेला देणगी द्या म्हटले की त्यांचे हात रिकामे राहत नाहीत.

अस्थी कुठे? आपल्याकडची बरीच कुटुंबे नर्मदेवर चांदोदला जातात, काही नाशिकला गोदावरीवर. जागा एकच लिहावी. दोन लिहिल्या की दोन भाऊ दोन कलश घेऊन निघतात.

इथल्या रिवाजाप्रमाणे बेसणे ठेवायचे का, हाही प्रश्न आहे. गुजराती वर्तमानपत्रातील निधनवार्तेत "लौकिक क्रिया बंद" असे छापले की लोक भेटायला येत नाहीत. काही घरांना तेच हवे असते, काहींना नंतर वाईट वाटते. जाहिरात द्यायची तर मराठीत की गुजरातीत, तेही ठरवावे. आणि एक फोटो निवडून ठेवावा. नाहीतर भाच्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला, शेजाऱ्याचा खांदा दिसणारा फोटो भिंतीवर कायमचा लागतो.

दाखला आणि नाव

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, जिथे आपण राहतो तिथे नव्हे. मुलाकडे पुण्याला असताना कोणी गेले तर नोंद पुण्याला. मृत्यू घरी झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी घरच्यांची, रुग्णालयात झाला असेल तर रुग्णालयाची. २१ दिवसांत नोंद केली तर शुल्क नाही. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क, एक वर्षापर्यंत लेखी परवानगी, आणि त्यापुढे दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

सर्वांत जास्त अडचण येते ती नावाची, आणि ही खास आपली अडचण आहे. गुजरातेत कागदावर नावापुढे भाई आणि बेन सहज लागते. आधारवर सुनंदा, रेशनकार्डावर सुनंदाबेन, जुन्या ठेवीवर लग्नाआधीचे नाव आणि सासरी बदललेले नाव तिसरेच. बँकेत क्लेमच्या टेबलावर बसलेला मुलगा "ही सगळी माझी आईच" म्हणून सांगतो आणि आम्ही प्रतिज्ञापत्र मागतो. दोघांनाही वाईट वाटते. नावे हयातीत एकसारखी करून घ्यावीत आणि दाखल्यात कोणते नाव लिहायचे ते पानावर अक्षरासह द्यावे.

पैसे

पहिल्या चार दिवसांचा खर्च घरात रोख किंवा पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात असावा. खाते "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" या पद्धतीचे असेल तर हयात जोडीदाराला पैसे काढता येतात. एकट्याच्या खात्यातून, कार्ड आणि पिन माहीत आहे म्हणून, मृत्यूनंतर पैसे काढू नयेत. ते चूक आहे आणि पुढे क्लेमच्या वेळी अडचणीचे ठरते.

नामनिर्देशन आहे का, हे प्रत्येक ठेवीसाठी तपासावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत व्यक्ती नेमता येतात, एकाच वेळी वाटा देऊन किंवा एकामागून एक. लॉकरसाठी मात्र एकामागून एक हीच पद्धत आहे. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून पैसे स्वीकारते, पण ती त्यामुळे मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. हे मुलांना आधी समजावून सांगितले तर अर्धी भांडणे टळतात.

पानावर काय असावे

१. पूर्ण नाव, दाखल्यात हवे तसे, आधारवरचे नाव
२. पहिला फोन कोणाला, नेहमीचे डॉक्टर
३. नेत्रदान, देहदान, अवयवदान : हो किंवा नाही, पेढीचा व महाविद्यालयाचा फोन
४. पेसमेकर आहे का, दागिन्यांचे काय
५. किती वेळ थांबायचे
६. दहन, दफन किंवा गॅसदाहिनी, कोणत्या स्मशानात
७. अग्नी कोणी द्यायचा
८. विधी कोणते, गुरुजी कोण. नको असल्यास त्याऐवजी काय
९. अस्थी कुठे
१०. बेसणे किंवा श्रद्धांजली सभा, निधनवार्तेची भाषा, फोटो कुठे आहे
११. खर्चाचे पैसे कुठे आहेत. कमाल खर्च किती
१२. मृत्युपत्र, पेन्शनचे कागद, विमा आणि उपचारांविषयीचे इच्छापत्र कुठे आहे
१३. तारीख आणि सही

पान लिहून झाले की घरच्यांना एकत्र बसवून मोठ्याने वाचून दाखवावे. हा भाग सर्वांत अवघड. माझ्या घरी पत्नी पाचव्या मुद्द्याला उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने चहा घेऊन आली आणि म्हणाली, "सातव्यात फक्त मुलाचे नाव का?" मी मुलीचेही नाव घातले. वाचले नसते तर ते राहूनच गेले असते.

आपण पेन्शनर दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देतो. त्याच दिवशी घरी येऊन हे पान काढावे, फोन नंबर तपासावेत, बदलायचे ते बदलावे आणि नवी तारीख घालून जागच्या जागी ठेवावे.