देवीची टोचणी आणि दोन माता

इ. स. १७१८ च्या मार्च महिन्यांत कॉन्स्टँटिनोपल येथील इंग्रज वकिलाच्या बिऱ्हाडीं एका म्हाताऱ्या ग्रीक बाईस बोलावण्यांत आलें. तिच्या हातीं बोथट, गंजलेली सुई होती आणि समोर होता वकिलाचा, पांच वर्षेंही पुरीं न झालेला मुलगा. वकील वॉर्टली माँटेग्यू हे तेव्हां वजिराच्या छावणीकडे गेले होते; मुलास देवी टोचल्याचें वर्तमान त्यांस मागाहून पत्रानें कळलें. निर्णय आईचा, लेडी मेरीचा होता.

देवीनें १७१३ सालीं तिचा भाऊ नेला. दोन वर्षांनीं ती स्वतः त्याच रोगांतून उठली, ती चेहऱ्यावर व्रण घेऊन आणि पापण्यांचे केस गमावून. तुर्कस्तानांत तिनें पाहिलें कीं, उन्हाळा सरला म्हणजे घरोघरचीं माणसें एकत्र जमतात, म्हातारी फळाच्या कवचींत देवीची लस घेऊन येते व सुईनें ती शिरेंत घालते. आठव्या दिवशीं मुलांना ताप भरतो, दोन-तीन दिवस तीं अंथरुणास खिळतात, आणि आठेक दिवसांत पूर्ववत् होतात.

म्हातारीचा हात कांपत होता, म्हणून दुसऱ्या दंडावर शस्त्रवैद्य मेटलंड यांनीं आपल्या हत्यारानें टोचलें. शंभरेक फोड आले आणि मुलगा बरा झाला. तान्ह्या मुलीस मात्र तेथें टोचविलें नाहीं, कारण तिच्या दाईला देवी आलेल्या नव्हत्या. टोचलेल्या मुलीपासून तिला रोग जडला असता. लेडी मेरीस केवळ हौशी बाई म्हणणारांनीं एवढें तरी लक्षांत घ्यावें.

१७२१ सालीं लंडनांत सांथ आली, तेव्हां तिनें मुलीसही टोचविलें. या वेळीं मेटलंड कचरले. वैद्य साक्षीस हवेत असा त्यांनीं हट्ट धरला. पुढें वैद्य आणि धर्मोपदेशक दोघेही या रीतीवर तुटून पडले. त्यांची भीति अगदींच पोकळ नव्हती. टोचलेल्यांपैकीं सुमारें पन्नासांत एक दगावे. पण आपोआप देवी आलेल्यांपैकीं सहा-सातांत एक मरे. हा हिशेब पुढें कागदावर मांडला गेला. आईनें तो आधींच मनांत केला होता.

युवराज्ञी कॅरोलाइनचा मार्ग निराळा. न्यूगेटच्या तुरुंगांतील सहा कैद्यांवर सुटकेच्या बोलीनें प्रयोग झाला, मग अनाथ मुलांवर, आणि तेव्हां कुठें १७२२ च्या एप्रिलांत तिनें आपल्या दोन मुलींचे दंड पुढें केले. सावधपणा खरा, पण त्याची किंमत दुसऱ्यांच्या लेंकरांनीं भरली.

१७९६ सालीं जेन्नरनें गोस्तनाच्या देवीची निर्धोक लस काढली. ती बगदाद-बसऱ्यामार्गें दंडांतून दंडांत करीत आली, आणि १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यांत आली. तिच्या दंडावरील लशीनें मग दुसरीं मुलें टोचलीं गेलीं, आणि मुंबईहून ती लस हिंदुस्थानच्या इतर प्रांतांकडे निघाली.