शीघ्र कृती दलाची कुळकथा

परभणीसारख्या जिल्ह्यात पोलिसांच्या तोंडी 'क्यूआरटी' म्हणून रुळलेले शीघ्र कृती दल, म्हणजे सशस्त्र हल्ल्याच्या वेळी सर्वांत आधी धावून जाणारे छोटे प्रशिक्षित पथक, दोन कुळांतून आले आहे. त्याचे घरचे कूळ राज्य राखीव पोलीस दलाचे. 1951च्या कायद्याने बांधलेल्या या दलाचा बारावा गट हिंगोलीत आहे आणि हिंगोली 1 मे 1999पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होती. मात्र राखीव दलाची घडण दंगलीत कंपन्या उतरवून बंदोबस्त करण्यासाठी झाली. बंद खोलीतून ओलिसांना जिवंत सोडवण्याची विद्या तिच्यात नव्हती.

ती विद्या दुसऱ्या कुळाची; ती म्युनिकच्या अपयशातून जन्मली. 1972च्या ऑलिंपिकमध्ये दहशतवादी हल्ल्यात 11 इस्रायली खेळाडू व प्रशिक्षक मारले गेले; त्यांतील ओलीस धरलेले नऊ जण सुटकेच्या फसलेल्या प्रयत्नात गेले, कारण त्यांना सोडवायला गेलेल्या पोलिसांना अशा कामाचे शिक्षणच नव्हते. त्यानंतर पश्चिम जर्मनीने 'जीएसजी-9' हे पोलीस पथक उभारले. त्याचा आणि ब्रिटिश लष्कराच्या 'एसएएस' पथकाचा आदर्श ठेवून भारतात 1984मध्ये राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल, म्हणजे एनएसजी, स्थापन झाले. या पद्धतीत बाहेरचे कडे, दूरवरून टिपणारा नेमबाज, बॉम्बशोधक आणि आत शिरणारी तुकडी यांची कामे वेगळी असतात. आत शिरणारे जवान एकामागे एक चिकटून दाराशी थांबतात आणि आत पाऊल पडताच प्रत्येक जण नेमून दिलेला कोपराच पाहतो, शेजाऱ्याचा नव्हे.

26 नोव्हेंबर 2008च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला तेव्हा एनएसजीचे जवान हरियाणातील मानेसरला होते आणि त्यांना नेणारे विमान चंदीगडला, त्यामुळे ते पोहोचेपर्यंत पहाट झाली. दरम्यान मुंबईचे पोलीस, सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे तर केवळ लाठीनिशी, स्वयंचलित बंदुकांना सामोरे गेले. हा विलंब लक्षात घेऊन 2009मध्ये मुंबई, हैदराबाद, चेन्नई व कोलकात्यात एनएसजीची केंद्रे झाली, महाराष्ट्राने 'फोर्स वन' हे स्वतःचे विशेष पथक उभारले आणि जिल्ह्यांतील शीघ्र पथकांनाही महत्त्व आले.

मुंबई आणि हैदराबाद ही दोन्ही केंद्रे परभणीपासून कित्येक तासांवर असल्याने कडे घालणे, नागरिकांना बाहेर काढणे व हल्लेखोराला एका जागी अडकवून ठेवणे हे स्थानिक पथकालाच करावे लागणार. म्हणून त्याच्या जवानांना रोजच्या मोर्चा-मिरवणुकीच्या बंदोबस्तात न जुंपता नेमबाजीचा नियमित सराव देणे, हा जिल्ह्याच्या सुरक्षेवरील सर्वांत आवश्यक खर्च होय.