हातांचा संधिवात : दुखणारा सांधा कोणता, हे आधी पाहावे

हाताची बोटे वा मनगट दुखू लागले की त्यास सरसकट ‘संधिवात’ म्हटले जाते आणि वयाचे कारण देऊन दुखणे अंगावर काढले जाते. वस्तुतः या नावाखाली अनेक विकार मोडतात. त्यांपैकी दोन प्रमुख होत. एकात उपचारांची घाई नसते. दुसऱ्यात काही महिन्यांचा विलंबही हात कायमचे वाकडे करू शकतो.

पहिला झिजेचा संधिवात, अर्थात ऑस्टिओआर्थ्रायटिस. नखांजवळचे सांधे आणि अंगठ्याचे मूळ या त्याच्या नेहमीच्या जागा. नखाजवळच्या सांध्यावर येणाऱ्या टणक गाठी अठराव्या शतकातील इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डेन यांच्या नावाने ओळखल्या जातात. सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासात ओसरतो. वेदना कामाने वाढतात.

दुसरा आमवात, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. मनगटे, बोटांच्या मुळांचे व मधले सांधे, बहुधा दोन्ही हातांचे, सुजतात. ताठरपणा तासभरही टिकतो आणि हालचालीने उलट कमी होतो. अशी सूज दिसल्यास संधिवाततज्ज्ञांना लवकर दाखवावे. रक्तातील ‘आरए फॅक्टर’ आढळला नाही, एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये. आमवात असूनही तो अनेकांत आढळत नाही.

आमवातावरील प्रमुख औषध मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास ते प्राणावर बेतू शकते. त्यामुळे ते कोणत्या वारी घ्यावयाचे, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्यावे. गर्भधारणेचा विचार असल्यास हे औषध सुरू होण्यापूर्वीच तसे सांगावे.

झिजेच्या संधिवातात मात्र औषधांइतकेच महत्त्व हात वापरण्याच्या सवयींना आहे. चिमटीत एक किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाशी त्याच्या सुमारे बारापट भार पडतो, असे मापनांतून दिसले आहे. म्हणून पिशवी बोटांवर न लटकवता खांद्याला अडकवावी, ओले कपडे न पिळता निथळू द्यावेत, सुरीची मूठ कापड गुंडाळून जाड करावी. अंगठ्यास स्प्लिंटचा आधार लाभदायक ठरतो. वेदना असह्य झाल्यास गोळीआधी वेदनाशामक जेल वापरून पाहावे. पोट व मूत्रपिंडांना त्याचा धोका तुलनेने कमी असतो.

एकच सांधा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.