एक डोळा उपचाराला, एक तुलनेला

सूज उतरली की दुखणे बरे झाले, असा आपला सर्वसाधारण समज असतो, आणि हातापायांच्या सुजेपुरता तो बहुधा खराही ठरतो. डोळ्याच्या बाबतीत मात्र या समजाने भल्याभल्या डॉक्टरांना चकविले आहे. १९९५ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डोळ्याच्या आतल्या पडद्यातून रक्त परत नेणारी मुख्य शीर तुंबल्याने ज्यांच्या पडद्याला सूज आली होती, अशा १५५ डोळ्यांचा तीत अभ्यास झाला होता. काही डोळ्यांवर लेसरचे बारीक डाग दिले, काही तसेच ठेवले. डाग दिलेल्या डोळ्यांची सूज कमी झालेली छायाचित्रांत दिसली; पण अक्षरांच्या तक्त्यासमोर बसविल्यावर दोन्ही गटांच्या नजरेत म्हणण्यासारखा फरक निघेना. डॉक्टरला हवे होते ते मिळाले, रोग्याला हवे होते ते मिळाले नाही.

कोणता उपचार खरोखर नजर वाचवितो हे ठरविण्यास वैद्यकाला इतका काळ का लागला, आणि अखेर ते कोणाच्या डोळ्यांवर ठरले, ही हकिकत आज आम्हांला सांगावयाची आहे.

हा पडदा म्हणजे दृष्टिपटल. त्याच्या मध्यावर पीतबिंदू नावाची लहानशी जागा असते. सुईत दोरा ओवणे, पंचांगातली बारीक अक्षरे लावणे, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखणे, ही सारी कामे तिच्या जिवावर चालतात. मधुमेहात दृष्टिपटलातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या कमजोर होऊन पाझरू लागतात, आणि ते पाणी पीतबिंदूत साठले की सरळ रेघ वाकडी दिसते, अक्षर पुसट होते. ही सूज दुखत नाही, डोळा लालही होत नाही. म्हणूनच ती घातकी.

१८५१ साली हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शक यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले, तोवर जिवंत माणसाच्या डोळ्याचे अंतरंग कोणी नीट पाहिलेच नव्हते. पुढे थोड्याच वर्षांत व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यांनी मधुमेह्याच्या पीतबिंदूतील बिघाडाचे वर्णन केले. पण त्या काळचे थोर नेत्रवैद्य फॉन ग्रेफे यांना मधुमेहाशी त्याचा संबंध मान्य होईना. वाद बरीच वर्षे चालला. १८७२ साली लंडनच्या एडवर्ड नेटलशिप यांनी सुजलेल्या दृष्टिपटलाचे सूक्ष्म निरीक्षण मांडले, तेव्हा येगर यांची बाजू बळकट झाली. उपचार मात्र कोणापाशीच नव्हता. १९२२ पासून इन्सुलिनने मधुमेह्यांना आयुष्य दिले, आणि पूर्वी जी माणसे डोळे जाण्याआधीच मरत, ती आता डोळे जाण्याइतकी जगू लागली.

यानंतरचे प्रकरण आज ऐकताना अंगावर काटा येतो. १९५३ साली डेन्मार्कच्या पॉल्सेन यांनी एका मधुमेही बाईची हकिकत प्रसिद्ध केली. प्रसूतीनंतर तिच्या मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी निकामी झाली होती, आणि पुढे तिच्या दृष्टिपटलाचा विकार आश्चर्यकारक रीतीने ओसरला होता. झाले! अनेक देशांतील शल्यवैद्य मधुमेह्यांची ही ग्रंथी काढू लागले किंवा किरणोत्साराने जाळू लागले. काहींचे डोळे सावरलेही. पण रोग्याला जन्मभर संप्रेरकांवर जगावे लागे, आणि रक्तातील साखर एकाएकी उतरून प्राणावर बेतण्याची भीती सदैव असे. या शल्यवैद्यांना आम्ही निर्दय म्हणणार नाही. समोर माणूस आंधळा होत असता हात बांधून बसणे कोणाला साधते? पण या विकाराची एक खोड होती. तो काही वेळा आपणहूनच ओसरे. मग डोळा सावरला तो शस्त्रक्रियेने की नशिबाने, हे ठरवायचे कसे?

दुसरीकडे जर्मनीत प्रकाशाचाच उपयोग होऊ लागला होता. ९ जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणात उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहून एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा पीतबिंदू भाजला. तो डाग पाहून हॅम्बुर्गच्या गेर्हार्ड मायर-श्विकेराट यांच्या मनात आले, की प्रकाशाने दृष्टिपटल जळते, तर हवे तेवढेच जाळून डोळा दुरुस्त का करता येऊ नये? प्रथम त्यांनी सूर्याचेच किरण वापरले. पण हॅम्बुर्गच्या ढगांवर कोणाची हुकमत चालणार! मग कार्बनचा दिवा आला, त्यानंतर झेनॉनचा, आणि १९६० साली लेसरचा शोध लागल्यावर नेत्रवैद्यांनी तोही उचलला. मूळ हेतू होता दृष्टिपटलाची छिद्रे सांधण्याचा; मधुमेहाच्या डोळ्यांवर तो नंतर वळला. कोणी म्हणे गुण येतो, कोणी म्हणे उगाच जाळपोळ. १९६८ साली व्हर्जिनियात एर्ली हाउस येथे तज्ज्ञ जमले, आणि विकाराच्या पायऱ्या सर्वांनी एकाच मापाने मोजाव्यात असे त्यांनी ठरविले.

त्यातून पुढे जी चाचणी उभी राहिली, तिची रचना इतकी साधी होती की आधी कोणाला का सुचू नये असे वाटते. माणसाला डोळे दोन. मधुमेह दोघांनाही तोच, वय तेच, साखर तीच. मग चिठ्ठी टाकावी तसे दैवावर सोपवून एका डोळ्याला लेसर किंवा झेनॉन द्यावा, आणि दुसरा तसाच ठेवावा. १९७२ पासून १५ केंद्रांत सतराशेंहून अधिक रोगी याला कबूल झाले. आपला एक डोळा विनाउपचार राहणार हे ठाऊक असून त्यांनी सही केली, हे ध्यानात घ्यावे. १९७६ साली हिशेब मांडला तेव्हा दोन वर्षांत तसाच ठेवलेला डोळा जवळजवळ आंधळा होण्याचे प्रमाण शेकडा १६ च्या आसपास, तर उपचार केलेल्याचे शेकडा ६ च्या आसपास निघाले. चाचणीची मुदत संपलेली नव्हती. तरीही नियम बदलून ज्यांना जरूर होती त्या उरलेल्या डोळ्यांवरही उपचार करण्याची मुभा देण्यात आली.

सुजेचा प्रश्न मात्र वेगळा उरला. त्यासाठीच्या पुढच्या चाचणीत ३,७११ रोगी घेतले गेले. तिच्यासाठी अक्षरांचा तक्ताही नवा तयार झाला. जुन्या तक्त्यात वरच्या ओळीत एकच अक्षर नि खाली गर्दी. नव्यात प्रत्येक ओळीत पाचच अक्षरे, म्हणजे एकेका अक्षराचा हिशेब ठेवता यावा. १९८५ चा निष्कर्ष असा: पीतबिंदूपाशी पाझरणाऱ्या जागांवर लेसर दिल्यास तीन वर्षांत नजर लक्षणीय घटण्याचे प्रमाण शेकडा २४ वरून १२ वर येते. निम्मे! पण गेलेली नजर परत मिळणे विरळाच. रोगी येई तो गमावलेले मागायला, आणि डॉक्टर देई ते राहिलेले टिकविण्याचे आश्वासन.

हे चित्र पालटले ते कर्करोगाच्या संशोधनामुळे. गाठींभोवती पाणी का साठते, याचा शोध घेताना १९८३ साली बॉस्टनमध्ये सेंगर आणि ड्वोरॅक यांना रक्तवाहिन्या पाझरविणारे एक प्रथिन आढळले. नव्या रक्तवाहिन्या फुटविणारे एक प्रथिन १९८९ साली फेरारा यांनी वेगळे काढले, आणि दोन्ही एकच निघाली. हे प्रथिन अडविणारे बेव्हॅसिझुमॅब २००४ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. २००५ मध्ये मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचाच इवलासा अंश डोळ्यात टोचला, आणि सूज उतरली. पण सूज उतरण्याने फसगत होते हे आता सर्वांना माहीत होते. म्हणून पुन्हा तक्ता, पुन्हा चिठ्ठ्या. डोळ्यासाठी मुद्दाम बनविलेले रॅनिबिझुमॅब हे भावंड औषध लेसरसह दिल्यास नुसत्या लेसरपेक्षा नजर अधिक सुधारते, हे २०१० साली ६९१ जणांच्या चाचणीने दाखविले. तीत काहींच्या डोळ्याला सुई नसलेली पिचकारी नुसती टेकविली जाई, म्हणजे इंजेक्शन मिळाले की नाही हे रोग्याला कळू नये.

मग उभा राहिला पैशाचा प्रश्न. अमेरिकेत रॅनिबिझुमॅबच्या एका मात्रेला सुमारे दोन हजार डॉलर पडत, बेव्हॅसिझुमॅबला पन्नासच्या आसपास. स्वस्त औषध महागाइतकेच चांगले आहे का, हे विकणाऱ्याने कशाला तपासावे? ते सरकारी पैशावर तपासले गेले. २०१५ साली ६६० मधुमेह्यांवर ॲफ्लिबरसेप्टसह तिन्ही औषधांची तुलना प्रसिद्ध झाली. नजर थोडीच उणावली असेल तर तिन्हींचा गुण सारखा निघाला. निरोगी डोळ्याला पन्नास फुटांवरून दिसणारे अक्षर वीस फुटांवर यावे लागत असेल, किंवा नजर त्याहूनही वाईट असेल, तर पहिल्या वर्षी ॲफ्लिबरसेप्ट सरस ठरले. त्याच वर्षी आपल्याकडे रॅनिबिझुमॅबसारखेच, पण देशी बनावटीचे औषध मंजूर झाले. ज्या घरात महिन्याचा औषधखर्च आधीच जड आहे, तेथे अशा बातमीचे मोल निराळे सांगायला नको.

अलीकडची एक चाचणी आम्हांला विशेष वाटते. सूज आहे, पण नजर अजून उत्तम, अशा ७०२ जणांचे तीन गट केले: लगेच इंजेक्शन, लेसर, आणि नुसती देखरेख. २०१९ साली कळले, की दोन वर्षांनी तक्त्यावरची पाच वा अधिक अक्षरे गमावणारे शेकडा १६, १७ आणि १९ होते. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. मात्र देखरेखीच्या गटाला कोणी वाऱ्यावर सोडले नव्हते. ठरल्या मुदतीने ही माणसे तक्त्यासमोर येऊन बसत, आणि अक्षरे कमी झालेली दिसताच त्यांना इंजेक्शन मिळे. त्यांच्यातल्या शंभरांपैकी ३४ जणांना ते घ्यावे लागले.