वॉनटनची वाटचाल : माझगाव ते राजगुरुनगर

चाकणच्या कंपन्यांची जनरल शिफ्ट सुटली, बसेस रिकाम्या झाल्या की राजगुरुनगरात चायनीजच्या गाड्यांवर तवे खणखणू लागतात. ऑर्डर ठरलेली असते : हाफ नूडल्स, मंचुरियन, ट्रिपल शेजवान. वॉनटन असलाच तर तळलेला, लाल चटणीबरोबर. खरं तर हा पदार्थ पातळ सूपात पोहणारा. तो असा कोरडा होऊन आपल्याकडे का आला, हे समजायला मुंबईतल्या चिनी हॉटेलांची वाटचाल पाहावी लागते.

सुरुवात माझगावची. गोदीच्या आसऱ्याने चीनमधल्या कँटनकडचे खलाशी आणि सुतार तिथे राहिले. नवाब टँकजवळचं १९१९ सालचं त्यांचं ‘सी यीप कून’ मंदिर आजही उभं आहे. पुढे चर्चगेटला ‘कामलिंग’ आणि कुलाब्यात यिक सेन लिंग यांचं ‘नानकिंग’ नावारूपाला आलं. ही कँटनी वळणाची स्वयंपाकघरं होती : वाफवलेला मासा, निवळ सूप, आणि त्या सूपात वॉनटन.

१९६२च्या भारत-चीन युद्धाने इथल्या चिनी समाजाचं कंबरडं मोडलं. देशभरातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं आणि नंतर कित्येकांनी देश सोडला. हॉटेलं मात्र तग धरून राहिली.

१९७३मध्ये ताजमहाल हॉटेलात ‘गोल्डन ड्रॅगन’ने चीनच्या सेचवान प्रांताचा तिखटपणा आणला. पाठोपाठ १९७५च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात कलकत्त्याच्या नेल्सन वाँग यांनी लसूण, आलं, हिरवी मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर एकत्र आणून चिकन मंचुरियन केलं. पुढचा इतिहास गल्लोगल्ली लिहिलेला आहे!

मंचुरियन गाडीवर रुळलं आणि वॉनटन मागे राहिला, याचं कारण माझ्या मते चवीपेक्षा कामात आहे. मंचुरियनचे गोळे दुपारीच तळून ठेवता येतात. वॉनटन एकेक हाताने भरायचा, ऐनवेळी उकळायचा, आणि त्यासाठी तासन्‌तास मंद आचेवर आटवलेलं सूप तयार हवं. एका शेगडीच्या गाडीला हे परवडत नाही. तळला की जाड पारीही खपून जाते.

लिंग घराण्याने जुना धागा सोडला नाही. बाबा आणि निनी लिंग या भावांनी १९९१मध्ये कुलाब्यातच, रीगल सिनेमाच्या मागे ‘लिंग्ज पॅव्हेलियन’ काढलं. मूळचं ‘नानकिंग’ पुढे बंद झालं.

चांगल्या वॉनटनची पारी करंजीच्या पारीहून कितीतरी पातळ, आतलं सारण दिसावं इतकी. मैद्याचा चौकोनी तुकडा, मधोमध अर्धा चमचा कोळंबी किंवा खिमा, कडांना पाण्याचं बोट, त्रिकोणी घडी, आणि मग दोन टोकं एकमेकांवर दाबायची. माळकऱ्यांसाठी कोबी-गाजराचं सारणही चालतं. फक्त भाजीला मीठ लावून ती घट्ट पिळावी, नाहीतर पाणी सुटून पारी फाटते. उकळायचा तो वेगळ्या पाण्यात. सूपातच टाकला तर मैद्याने सूप गढूळ होतं.

हाँगकाँगमध्ये कोंबडी-डुकराची हाडं आणि सुकवलेला चपटा मासा उकळून सूप करतात. वाडग्यात तळाशी चमचा, त्यावर वॉनटन, वर बारीक नूडल्स. सूपात बुडून नूडल्स लिबलिबीत होऊ नयेत म्हणून ही रचना. सेचवानमध्ये सूपाऐवजी लाल मिरचीचं तेल, लसूण आणि काळं व्हिनेगर असतं. आपल्या तर्रीप्रेमी जिभेला हा प्रकार लगेच जवळचा वाटेल. आपल्या गाड्यांनी तळलेल्या वॉनटनऐवजी हा धरला असता, तर एव्हाना मंचुरियनला जोडीदार मिळाला असता.

पुण्या-मुंबईला जाल तेव्हा मेनूत तळलेल्या वॉनटनच्या पुढे बोट सरकवा आणि सूपातला मागवा, कॉर्नफ्लोअर न घातलेला. पार्सल घ्यायचं असेल तर सूप आणि वॉनटन वेगवेगळ्या डब्यांत भरायला सांगा. एकत्र भरलेत तर राजगुरुनगरला पोहोचेपर्यंत पारीचा लगदा झालेला असेल.