विष साठविणारी हिरवळ

नदीकाठ हिरवा दिसला की नदी सुखरूप आहे, असे आपण समजतो. हा समज तपासून पाहावयास उस्मानपुऱ्यातून फार दूर जावे लागत नाही. आपल्या शहराच्या अंगाने वाहणारी खाम नदी वर्षानुवर्षे सांडपाणी वाहत आली; तरी तिच्या काठी काही ना काही उगवतच राहिले. मग ही हिरवळ नदीच्या आरोग्याची खूण मानावयाची, की तिच्या दुखण्याची? या प्रश्नाचे उत्तर वनस्पतिशास्त्राने गेल्या सव्वाचारशेहून अधिक वर्षांत टप्प्याटप्प्याने शोधले आहे, आणि त्या इतिहासाचे एक प्रकरण महाराष्ट्राच्या मातीत घडलेले आहे.

प्रथम तेच पाहू. १८७६ च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघाल्यावर कालव्यांच्या कामांना जोर आला. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि बारामतीकडील कोरडवाहू मुलखात ऊस उभा राहिला. परंतु पुढे सखल शेतांवर पांढरा थर दिसू लागला. कालव्याचे पाणी काळ्या मातीत मुरत होते, त्याच्या निचऱ्याला मात्र वाट नव्हती. जमिनीखालचे पाणी वर चढले, उन्हाने ते उडून गेले आणि त्यातील क्षार मागे राहिले. शेतकऱ्याने याला दोन शब्दांचे नाव दिले: मीठ फुटले. हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरेच्या खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली तो प्रसिद्ध केला.

अशा जमिनीचे पहिले निदान पिकेच करतात. हरभरा लवकर हार खातो, ऊसही खुरटतो, कापूस त्यांच्यापेक्षा अधिक तग धरतो आणि हरळी तर बऱ्याच खारातही हटत नाही. खाऱ्या मातीत पाणी असूनही मुळांना ते ओढून घेणे जड जाते. ओल असताना झाड तहानलेले राहते. जी झाडे टिकतात त्यांच्या युक्त्या निरनिराळ्या आहेत. काही क्षारांना मुळाशीच अडवितात. काही पेशीतील एका पिशवीवजा कप्प्यात ते कोंडून ठेवितात. कोकणच्या खाडीकाठची तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकते. मात्र यांपैकी एकही युक्ती क्षार नाहीसे करीत नाही. नीरेकाठी काय, अन्यत्र काय, खारवट जमिनीवरचा मूळ उपाय चर खणून पाण्याचा निचरा करणे हाच आहे.

मिठाहून धातूंचे विष अधिक कठीण. इटलीचा वनस्पतिज्ञ आंद्रेआ चेसाल्पिनो याने १५८३ साली तस्कनीतील काळ्या खडकांवरच वाढणाऱ्या एका रोपट्याची नोंद केली. हे रोपटे अशा नापीक खडकावर का रमते, हे कोडे जवळजवळ पावणेचारशे वर्षे तसेच राहिले. १९४८ साली मिंगुत्सी आणि व्हेर्न्यानो यांनी त्याची सुकी पाने तपासली, तेव्हा त्यांत शेकड्यास पाऊण भागाहून अधिक निकेल निघाले. इतर बहुतेक झाडे याच्या कितीतरी कमी अंशाने मरून जातील. पुढे १९५२ साली ए. डी. ब्रॅडशॉ यांनी वेल्समधील शिशाच्या जुन्या खाणीवरचे गवत आणि साध्या कुरणातले त्याच जातीचे गवत खाणीच्या मातीत लावून पाहिले. खाणीवरचे जगले, कुरणातले मेले. विषारी मातीने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून एकाच जातीत सोशिक कूळ घडविले होते, आणि तेही खाणीच्या अल्पशा आयुष्यात.

ही सोशिकता पेशीत कशी चालते, याचा एक मोठा धागा १९८५ साली हाती आला. एर्विन ग्रिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतींतील असे लहान रेणू ओळखले, की जे कॅडमियमसारख्या धातूला पकडून बांधून टाकतात. बांधलेला धातू मग पेशीच्या कप्प्यात बंदिस्त होतो. पुढे २००१ साली अमेरिकेतील फ्लोरिडात, लाकडावर औषधी प्रक्रिया करणाऱ्या एका सोडून दिलेल्या जागी, आर्सेनिक भराभर शोषणारे नेचे सापडले. हीच जात आपल्याकडेही चुन्याच्या जुन्या, ओलसर भिंतींतून उगवते. हे नेचे लावून माती शुद्ध करता येईल, अशी आशा तेव्हापासून बळावली. पण शोषलेले आर्सेनिक पानांत तसेच असते. ती पाने कापून सुरक्षित जागी न्यावी लागतात. नाहीतर गळून, कुजून ते विष पुन्हा मातीत येते. जलपर्णीने ओढून घेतलेल्या धातूंचीही तीच गत होते.

येथे एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे. घरगुती मैला हा सेंद्रिय आहे. पाणकणसासारख्या वनस्पतींच्या मुळांशी राहणारे जीवाणू त्याचे खरोखर विघटन करतात. जर्मनीत केटे झायडेल यांनी १९५० नंतरच्या दशकात याच दिशेने प्रयोग आरंभिले. धातूंचे मात्र विघटन होत नाही. ते जागा बदलतात, एवढेच.

आणि ही जागा आपले ताटही असू शकते. जपानमधील जिंझू नदीत कामिओका खाणीतून कॅडमियम उतरत होते. त्या पाण्यावर भात पिकत राहिला आणि तो खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ होत गेली. १९६८ साली तेथील सरकारने हा रोग प्रदूषणजन्य असल्याचे मान्य केले. शेतांची माती बदलण्याचे काम २०१२ पर्यंत चालले. कॅडमियमचा कपटीपणा असा की, माणसाला अपायकारक ठरेल इतके ते पानात साठले तरी झाड आजारी दिसत नाही. धान्यापेक्षा पालकासारख्या पालेभाज्या ते अधिक साठवितात. म्हणून कारखान्याचे पाणी मिसळलेल्या नाल्यावरची भाजी तजेलदार आहे, हा तिच्या निर्दोषपणाचा पुरावा नव्हे.

मलिक अंबरने १६१० साली खडकी वसविली आणि पुढे डोंगरातील स्वच्छ पाणी नहरीने गावात आणले. पाणी घाण झाल्यावर ते निवळण्यापेक्षा उगमापासून निर्मळ राखून आणावे, हे शहाणपण त्या नहरीत आहे. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद आणि नागरिक यांनी मिळून खामेच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले, काठ साफ केले, झाडे लाविली. हे काम अभिनंदनीय आहे. परंतु त्या झाडांवर आपण किती भार टाकणार, याचा विचार झाला पाहिजे. मैल्याचे पाणी निवळण्यास ती हातभार लावतील. धातूंचे विष मात्र त्यांनी गिळावे, ही अपेक्षा रास्त नाही. ते कारखान्याच्या दारातच अडविले पाहिजे. नदीचे आणि तिच्यावर पिकणाऱ्या भाजीचे पृथक्करण वेळोवेळी करून त्याचे आकडे नागरिकांपुढे मांडले पाहिजेत. झाड सोसते, आणि जे सोसले ते पानात जपून ठेवते. ते पान वाचण्याचे काम आपले आहे.